मूठभर मका

३ मार्च

पोचले एकदाची, आणि नाकावर टिच्चून पोचले. शेवटच्या चढावर गाडीने मान टाकली. गाडीवाला इंजिनाला पाणी पाजत बसला तोवर मी खाली उतरून चालतच सुटले. दम लागला, पण तोंडातलं गाणं काही थांबलं नाही. पंचेचाळिशीच्या बाईने डोंगर चढताना गाऊ नये असा काही नियम नाही.

घर मला आवडलं. तीन खोल्या एकामागे एक आहेत. पुढची कामाची, मधली निजायची, मागची स्वयंपाकाची. एकीतून दुसरीत जायचं, वेगळी वाट नाही. स्वयंपाकघराचं दार मागे उघडतं, तिथे सिमेंटची मोठी टाकी आहे. टाकी आणि डोंगराचा कडा यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे, माणूस आडवा होऊन जेमतेम शिरेल असा. घरापुढे अंगण आणि अंगणात कमरेइतका उंच सिमेंटचा ओटा. गाडीरस्ता ओट्यापाशी संपतो. पुढे नुसते खडक आणि झाडी, आणि त्या झाडीत तेवीस माकडं, ज्यांच्यासाठी मी आले आहे.

आल्याआल्या धाकटीची खुर्ची खिडकीशी ओढली आणि पाय पसरून बसले. नऊ वर्षं माझी बहीण या खुर्चीत बसली. आता मी बसले. एवढं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

टेबल मात्र डुगडुगतं. खणात तिचं पत्र सापडलं, माझ्या नावाचं, चांगलं सात पानी. पहिलं पान वाचलं. मक्याची पोती कुठे आहेत, तराजूचा काटा डावीकडे कसा ओढतो, टाकीला मागून चीर आहे, आईचे गुडघे पुन्हा धरलेत. धाकटीची पत्रं मी पहिल्या पानापुढे कधीच वाचत नाही. पुढे सगळं 'मला वाटतं, मला वाटतं' असतं. घडी घालून टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल आता ठाम उभं आहे. तिचा इतका उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

गाडीवाला दर दहा दिवसांनी येणार. बोलघेवडा माणूस. म्हणाला, धाकट्या बाई जाताना रडल्याबिडल्या नाहीत, फक्त ताई नियमाची पक्की आहे, तिला काही सांगावं लागायचं नाही, असं दोनदा म्हणाल्या. चला, नऊ वर्षांत एक तरी गोष्ट खरी बोलली.

५ मार्च

काम सोपं आहे आणि मला ते इथल्या कोणाहूनही चांगलं येतं. सकाळी आठला पाच किलो मका मोजून ओट्यावर एकाच ठिकाणी ढीग घालायचा. आठ पावलांवर स्टूल आहे, त्यावर तासभर बसायचं आणि वहीत मांडायचं, कोणी कोणाला उठवलं. तेवढंच. एक माकड चालत येतं, दुसरं बसलेलं असतं ते उठून जागा देतं. मारामारी शंभरात एखादी. बाकी सगळं राज्य या उठण्यावर चालतं. वहीला धाकटीने 'उठबस' असं नाव दिलंय. शाळेच्या वहीला देतात तसं वर चिकटवलंय.

गंमत अशी की झाडांवर फळं पिकली असली, की हीच माकडं गुण्यागोविंदाने राहतात. खाणं डोंगरभर पसरलेलं असतं, मग कोण मोठं न् कोण छोटं. एकाच फांदीवर राणी आणि दासी शेजारीशेजारी बसतात. मका एका ओट्यावर पडला की क्षणात दरबार भरतो. ढीग जितका लहान, तितक्या पायऱ्या जास्त. माणसांतही हेच आहे, पण ते कोणी मोजत नाही.

सगळ्यांच्या वर सासूबाई, तिचं कान तुटलेलं थोबाड बघितलं की कोणीही सरळ होईल. तिच्या तीन लेकी आहेत, थोरली, मधली आणि शेंडेफळ. पाहुणा नावाचा एक दांडगा नर आहे, तो दोन-तीन वर्षं राहतो आणि निघून जातो, म्हणून पाहुणा. बाकीच्या बायका आणि त्यांची पोरं मधल्या पायऱ्यांवर. आणि सगळ्यात खाली, सगळ्यांसाठी उठणारी, लंगडी.

कामाचा नियम एकच आहे. बघणारा दगड असतो. माकड अंगावर आलं तरी उठायचं नाही, आणि माकडाला कधीही उठवायचं नाही. दगड कोणाच्या वर नसतो, कोणाच्या खाली नसतो. नजर जमिनीकडे.

७ मार्च

आज पाऊस नाही, वारा नाही, काम चोख झालं. म्हणून जुनं उकरायला वेळ आहे.

माकडांत तीन बहिणी असल्या की सगळ्यात धाकटी वर असते आणि थोरली सगळ्यात खाली. कारण साधं आहे. भांडण झालं की आई धाकटीच्या बाजूने धावते. चार-सहा वेळा आईने दात दाखवले की थोरली शिकते. मग धाकटी नुसती येताना दिसली की आपण होऊन उठते. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मला कशाला वाचायला हवं होतं?

खिडकीजवळचा पलंग माझा होता, तो तिचा झाला. सायकल माझी होती. नऊ वर्षांपूर्वी या जागेसाठी आम्ही दोघींनी अर्ज केला, एकच जागा होती. आई म्हणाली की तू मोठी आहेस ना, तुला कुठेही मिळेल, हे तिला होऊ दे. मी अर्ज मागे घेतला. उठले. आणि नऊ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बरण्यांतल्या बेडकांवरची धूळ पुसली.

तिचे अहवाल मात्र मी मागवून वाचायची, ओळ न् ओळ. तिथेच मला ती सापडली. सगळ्यात खालचं माकड नऊ वर्षं जगत नाही. ओट्याच्या कडेला सांडलेल्या दाण्यांवर फार तर दोन वर्षं. लंगडी नऊ वर्षं जगली होती, वजनही घटलं नव्हतं. म्हणजे धाकटी तिला चोरून भरवत होती. संस्थेच्या साहेबांना मी दोन ओळींचं पत्र लिहिलं. त्यांनी विचारलं तेव्हा ती लगेच कबूल झाली म्हणे, रोज एक मूठ. नऊ वर्षांचं सगळं मोजमाप त्या मुठीने पाण्यात घातलं. तिला काढलं आणि मला घेतलं.

मला वाईट वाटतंय का? नाही. पुन्हा शोधून बघितलं, नाही.

९ मार्च

लंगडी टाकीमागच्या बोळात राहते. ओट्यावरचा मका संपेपर्यंत ती तिथून फक्त डोकावते. मी भांडी घासायला मागे गेले की बाहेर येते, बसते आणि हात पुढे करते, तळवा वर. कोणीतरी शिकवलेला हात आहे तो. आज मी तिच्यासमोर मुद्दाम रिकामी ओंजळ उलटी करून दाखवली. धाकटीचे लाड संपले, बाई. तिने माझ्या तळव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि उठून बोळात गेली.

१३ मार्च

गाडी आली. मका, पीठ, तेल, बटाटे. गाडीवाल्याने विचारलं, करमतंय का. म्हटलं, माहेरी आल्यासारखं वाटतंय. तो हसला. त्याला काय कळणार.

खरं म्हणजे एका गोष्टीने डोकं फिरलंय. शेंडेफळ. चार वर्षांची पोर, अजून स्वतःचं पिल्लू नाही, आणि काय ती मिजास. थोरली पोटाशी पिल्लू धरून मक्यापाशी बसते, दोन घास घेते न घेते तोच ही बाई डुलत डुलत येते. भूक नसली तरी येते. थोरली उठते. आज पाच वेळा उठली. वहीत पाच रेघा ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

लंगडी आज हात पुढे करायला आली नाही. बोळात बसूनच बघत होती.

१५ मार्च

केलं. लिहूनच टाकते.

आज फक्त तीन किलो मका पडला होता ओट्यावर, कारण काल उघडलेलं पोतं ओलं झालं. शेंडेफळ ढिगावरच बसली, तंगड्या पसरून. थोरली कडेला. थोरलीने एक दाणा उचलायला हात लांब केला, तर शेंडेफळने नुसती मान वळवली. थोरलीने हात मागे घेतला. त्या हात मागे घेण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी स्टुलावरून उठले, आठ पावलं गेले आणि वही ओट्यावर आपटली. शेंडेफळच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

ती उठली. शेपटी खाली घालून गेली.

थोरली मक्यावर बसली आणि पोटभर खाल्लं. मी परत येऊन स्टुलावर बसले. आनंदाने. चाळीस वर्षांचं उट्टं निघालं. सासूबाई लांबून सगळं बघत होती, बघू दे.

वहीत हे मांडायचं की नाही? नियमाप्रमाणे उठवणाऱ्याचं नाव घालावं लागतं. जागा रिकामी सोडली आहे.

१७ मार्च

लंगडी मेली. सकाळी टाकीमागून ओढून काढली. वजन केलं, तीन किलोच्या आत. तळवा अजून वरच होता.

खाली उतारावर नेऊन दगडांखाली ठेवली. परत आले तर सगळा कळप ओट्यावर आणि अंगणात बसलेला. मका घातला. कोणी हात लावला नाही. बावीस जणं नुसती बसून होती. मी मान खाली घालून तासभर स्टुलावर बसले. शेवटी न राहवून वर पाहिलं, तर एकही जण मक्याकडे बघत नव्हतं.

१८ मार्च

आज मका घातल्यावर थोरली ओट्यावर गेलीच नाही. पिल्लू पोटाशी घेऊन सरळ माझ्याकडे चालत आली. म्हटलं, उपकार फेडायला येतेय की काय. हातभर अंतरावर बसली. भुवया वर केल्या आणि बघत राहिली.

मी नजर खाली ठेवली. मी दगड आहे. बावीस वर्षं झाली मला हे शिकून, विद्यार्थ्यांना शिकवलंय मी हे. आणि मग मला दिसलं की मी स्टुलापासून चार पावलांवर उभी आहे. कधी उठले ते कळलं नाही. पाय आपले उठले.

थोरली स्टुलावर बसली.

माझी थोरली. जिच्यासाठी मी हे केलं ती. तिला खालचं कोणीतरी नवं मिळालं होतं आणि तिने एक दिवससुद्धा वाट पाहिली नाही.

२० मार्च

स्टूल गेलं. अंगण गेलं. मका मी घालते, मागे वळेपर्यंत कोणी ना कोणी येतं आणि मी उठते. बसलेली नसले तरी बाजूला होते. मका मी घालते!

आज मधली खिडकीतून आत आली आणि खुर्चीशेजारी टेबलावर बसली. मी उठले. खुर्ची तिची.

हाकलून बघितलं. हात वरच होत नाही. ओरडायला गेले तर तोंडातून हसल्यासारखा आवाज आला, ओठ मागे ओढून, दात दाखवून. तो आवाज मी ओळखते. लंगडी काढायची तो.

२१ मार्च

मधली बाहेर गेल्याचं बघून खुर्ची परत घेतली. ओढणीने स्वतःला खुर्चीला करकचून बांधलं. बघू कशी उठते ते. पाहुण्याचा सात-आठ महिन्यांचा एक पोरगा आला, उंबऱ्यावर बसला, भुवया वर केल्या.

खुर्चीसकट उठले. उंबऱ्याला अडकून पडले. डावा घोटा पार सुजलाय. लंगडत—

नको. 'पाय ओढत' असं लिहिते.

२३ मार्च

गाडी आली. गाडीवाल्याने पायाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. म्हणाला, ताई, पार वाळलात, गाडीत बसा, डॉक्टरकडे नेतो. जायला निघणारही होते. मग बोलता बोलता म्हणाला की धाकट्या बाईंनी पुन्हा अर्ज टाकलाय, साहेबही त्यांना म्हणालेत की तुमच्या बहिणीचं जमत नसेल तर लगेच जा.

म्हणजे ती टपून बसली आहे. पुन्हा आई असेलच मागे, तू मोठी आहेस ना म्हणायला.

मी त्याला ठणकावून सांगितलं की मी कोणासाठी उठणार नाही. हे सांगताना मी उभी होते. बसायला जागा नव्हती. तो गाडी वळवून गेला.

२५ मार्च

कामाची खोली गेली. शेंडेफळ आली, टेबल ढकललं. मी मधल्या खोलीकडे निघाले, जाताजाता टेबलाच्या पायाखालून ती पानं ओढून घेतली. का ते माहीत नाही. काहीतरी माझं म्हणून.

पलंगावर बसून सगळं वाचलं. दोन ते सहा पानं माकडांची. सातवं पान उतरवून ठेवते.

'ताई, इथपर्यंत आलीस म्हणजे उशीर झालेला असणार. माझं पत्र तू पहिल्या पानापुढे कधी वाचत नाहीस, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून मुद्दाम हे शेवटी लिहिते आहे.

लंगडीला मी मूठभर मका द्यायचे तो दयेपोटी नाही. पहिल्याच वर्षी चिडून मी एकीला ओट्यावरून उठवलं. जो एकदा कोणाला उठवतो तो त्यांच्या रांगेत येतो. मला त्यांनी रांगेत शेवटून दुसरं बसवलं, लंगडीच्या वर. शेवटून दुसरीला जगता येतं, सांभाळून राहिलं तर. शेवटचीला नाही. आणि शेवटची जागा ती कधी रिकामी ठेवत नाहीत. लंगडी मेली असती तर मी होते. म्हणून रोज मूठभर.

तुझी तक्रार साहेबांनी मला वाचून दाखवली. अक्षर छान आहे तुझं. सगळं नियमाप्रमाणे आहे, लंगडीला काही द्यायचं नाही. नियमाने वाग. फक्त कोणाला उठवू नकोस. पण शेंडेफळ तुला दिसेलच, आणि तुझा राग मला माहीत आहे.

आईला सांगेन, ताई मजेत आहे.'

किती शांतपणे लिहिलंय. एक खाडाखोड नाही.

२६ मार्च

पलंग गेला.

जीव घेऊन रस्त्याने उतरायचं ठरवलं. वळणावर पाहुणा बसला होता. परत आले. मागून झाडीतून गेले तर तिथे मधली. कुठेही गेलं की तिथे आधी कोणीतरी बसलेलं असतं, आणि उठायला एकच दिशा उरते.

२७ मार्च

स्वयंपाकघर. चुलीशी बसले होते. थोरलीचं पिल्लू आलं. तळहाताएवढं आहे, नीट चालतासुद्धा येत नाही, बटाट्यावरून पडतं. त्याने भुवया वर केल्या.

मी उठले.

दार मागे उघडतं, हे मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं.

२९ मार्च

बोळ. एक कूस टाकीला, एक कड्याला. चिरेतून पाणी झिरपतं ते चाटते. पोती त्यांनी फोडली, दारातून थोडे दाणे घरंगळतात. सगळ्यांचं खाऊन झालं की.

उठबस वही आणली आहे बरोबर. काम सोडलेलं नाही. १५ तारखेची रिकामी जागा भरली. खाली नवी रांग घातली. नाव काय घालायचं? 'मोठी' लिहिलं. बावीस जणांनी मोठीला उठवलं. मोठीने एकदाच, शेंडेफळला.

मोजमाप चोख आहे. यात कोणी चूक काढून दाखवावी.

३१ मार्च

आज दाणे नाहीत.

पलीकडून कोणी आलं की हात आपोआप पुढे होतो. तळवा वर. मी नाही करत. हात—

२ एप्रिल

गाडीचा आवाज. दोन दारं लागल्याचा आवाज.

धाकटी.

टाकीच्या कडेने अंगणाचा एक तुकडा दिसतो. ती ताठ चालत आली. आत गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि खिडकीतून थोरली बाहेर पडली. थोरली तिच्यासाठी उठली. म्हणजे आता ती थोरलीच्याही वर? की धाकटीने खिडकीबाहेर दाणे टाकले?

गाडीवाल्याने विचारलं की ताई कुठायत. धाकटी म्हणाली, गेली वाटतं चालत, ताई अशीच आहे, न सांगता उठून जाते. तो हळहळला. म्हणाला, पाय सुजला होता हो त्यांचा.

हाक मारायची होती. सासूबाई टाकीवर बसून खाली बघत होती. ओठ मागे गेले, दात निघाले, तो आवाज आला. गाडीवाल्याला वाटलं असेल, माकड.

गाडी गेली.

३ एप्रिल

सकाळी आठला मका पडल्याचा आवाज. मग ती मागे आली. बोळाच्या तोंडाशी वाकली. नजर जमिनीकडे. दगड.

मूठ उघडली. दाणे ठेवले. गेली.

तिला माहीत होतं मी कुठे आहे. शोधलंसुद्धा नाही.

४ एप्रिल

पुन्हा. रोज येणार. नऊ वर्षं येईल, अठरा वर्षं येईल. मी जगायला हवी आहे तिला, फक्त इथे, खाली, या बोळात. खिडकीजवळचा पलंग, सायकल, जागा, आणि आता हे.

दाणे मोजले. सत्तेचाळीस. खाल्ले नाहीत. आधी विचार करायचा आहे.

४ एप्रिल, दुपार

केला विचार.

शेवटची जागा ती रिकामी ठेवत नाहीत.

लंगडीला दोन आठवडे लागले. माझे निम्मे आधीच झालेत. मी मेले की शेवटची कोण?

हसू येतंय. ओठ मागे न ओढता.

६ एप्रिल

कालचे, परवाचे, आजचे दाणे तसेच आहेत. कड्याशी ओळीने मांडून ठेवलेत, तिला दिसावेत म्हणून. तोंडाला पाणी सुटतं. वास येतो. दात आवळून धरते.

आज तिने दाण्यांची ओळ बघितली. हात तसाच राहिला तिचा. नऊ वर्षांच्या सवयीचा हात, मूठ उशिरा उघडली.

७ एप्रिल

दोन मुठी ठेवल्या. आणि पोळीचा तुकडा.

नाही.

सासूबाई आज टाकीवर नव्हती. खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिच्या खिडकीकडे.

८ एप्रिल

आज तिने वर पाहिलं. नियम मोडून. माझ्या डोळ्यांत. ताई, खा ना, म्हणाली. रडत होती. नाक लाल, लहानपणी व्हायचं तसं. लहानपणी मी तेवढ्यावर सगळं देऊन टाकायची.

मी दाणे तिच्याकडे परत ढकलले. बोलता येतं की नाही तेही—

घरातून खुर्ची पडल्याचा आवाज.

९ एप्रिल

पेन्सिल धरवत नाही.

ती बोळात अर्धी शिरली आहे. मागे थोरली येऊन बसली आहे, हातभर अंतरावर, भुवया वर. धाकटी तिच्याकडे बघत नाही. माझ्या तोंडाशी दाणे धरलेत. म्हणते, तू मोठी आहेस ना, ताई, तू मोठी आहेस, एवढं एक—

तेच वाक्य. आईचं.

ओठ घट्ट मिटलेत मी. ती उठते आहे, तिला कळत नाही पण तिचे पाय उठताहेत, आणि मी, मी बसले आहे, या वेळी मी उठणार ना